एव्हरेस्ट बेस कॅम्प: ८ दिवसांचा कार्यक्रम घ्यावा की १२ दिवसांचा, आणि तयारी काय करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचं वय ४६, रोज तासभर चालणं आहे. मिस्टर ५० वर्षांचे, हाफ मॅरेथॉन धावतात, बीपीची एक गोळी घेतात. सहा महिन्यांनी, ऑक्टोबरात, दोघांना गाईडसह एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचंय. याआधी ३००० मीटरच्या वर मुक्काम कधी केलेला नाही. हातात दोन कंपन्यांचे कार्यक्रम आहेत: एक १२ दिवसांचा, जाऊन-येऊन पायी, दुसरा ८ दिवसांचा, परतीला हेलिकॉप्टर. कोणता घ्यावा, व्यायाम काय करावा, विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यावी का आणि सामान काय न्यावं, असं सगळं एकदम विचारलंय.

१२ दिवसांचा घ्या. बाकीच्या सगळ्या गोष्टी या एका निर्णयाच्या नंतर येतात, म्हणून आधी त्याचं कारण नीट सांगतो.

कार्यक्रमपत्रिकेतले फोटो आणि वर्णनं बाजूला ठेवा. एक कागद घ्या आणि कोणत्या रात्री कुठे झोपणार आणि त्या गावाची उंची किती, एवढंच एकाखाली एक लिहा. दिवसा किती उंच चढलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला महत्त्व आहे. नेहमीच्या वाटेवरचे मुक्काम साधारण असे: फाकदिंग २६१०, नामचे ३४४०, तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०, गोरकशेप ५१६० मीटर. डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. आता वजाबाकी करा. फाकदिंग ते नामचे ८३० मीटर, म्हणजे नियम तिथेच मोडतो. मध्ये मुक्कामाला सोयीची जागा कमी, म्हणून तो मोडावा लागतो, आणि त्याची भरपाई म्हणून नामचेला दोन रात्री काढायच्या. तेंगबोचे ते दिंगबोचे ५५० मीटर, म्हणून दिंगबोचेलाही दोन रात्री.

तुमच्या ८ दिवसांच्या कार्यक्रमात नेमके हेच दोन दिवस गाळलेले असणार, कारण गाळण्यासारखं दुसरं काही वर जाताना नसतंच. त्या हिशेबाने फाकदिंगहून लोबुचेपर्यंतचे २३३० मीटर तुम्ही चार दिवसांत चढता, रोजचे सरासरी ५८०. दोन विश्रांतीचे दिवस धरले तर तेच सहा दिवसांत होतं, रोजचे ३९० पेक्षा कमी. ज्यांनी आजवर ३००० च्या वर एक रात्रही काढलेली नाही, त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

हेलिकॉप्टरला माझा विरोध नाही. सुट्टी कमी असेल आणि गुडघे कुरकुरत असतील तर परतीला हेलिकॉप्टर घेणं समजू शकतो. उतरताना शरीराला वेळ द्यावा लागत नाही, त्यामुळे दिवस वाचवायचेच असतील तर तिकडे वाचवा. दुसऱ्या कंपनीला विचारून पाहा: चढतानाचे सगळे दिवस पहिल्या कार्यक्रमासारखे ठेवून फक्त परत हेलिकॉप्टरने आणाल का? हो म्हणाले तर तो कार्यक्रम चालेल. ‘आमचे लोक व्यवस्थित करतात, काही होत नाही’ असं उत्तर आलं तर सोडून द्या.

विश्रांतीचा दिवस म्हणजे लोळायचा दिवस नव्हे, हेही इथेच सांगतो. नामचेच्या दुसऱ्या दिवशी गाईड तुम्हाला स्यांगबोचेच्या बाजूला, साधारण ३९०० मीटरपर्यंत चढवून पुन्हा खाली आणेल. दिंगबोचेला नांगकारत्सांगच्या धारेवर नेईल. वर जाऊन यायचं आणि खाली झोपायचं. लोकांना हे चढणं फुकट वाटतं आणि ते लॉजवरच थांबतात. थांबू नका, अर्ध्यापर्यंत गेलात तरी चालेल.

हे दिवस नेमके कशाला लागतात? वर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असा समज आहे. प्रमाण तेच असतं, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पवर, ५३६४ मीटरला, तो समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरासाच जास्त असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी येतो. शरीराचा पहिला उपाय म्हणजे भराभर श्वास घेणं. पण त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. मग मूत्रपिंडं रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे अल्कधर्मी क्षार, लघवीवाटे बाहेर टाकून हा तोल सावरतात, आणि त्याला काही दिवस लागतात. रक्तातल्या लाल पेशी वाढायला तर आठवडे लागतात, त्या या ट्रेकमध्ये फारशा उपयोगी पडत नाहीत. तुमचा सगळा खेळ त्या पहिल्या काही दिवसांचा आहे. वर गेल्यावर वारंवार लघवीला जावं लागलं तर वैतागू नका, काम नीट चालू असल्याची ती खूण आहे.

आता मिस्टरांचं धावणं. त्याचा उपयोग आहे: पाय दमणार नाहीत, संध्याकाळी अंगात त्राण राहील. पण विरळ हवेच्या त्रासापासून फिटनेस वाचवत नाही. उलट धावणाऱ्यांचा घोटाळा असा होतो, की पायांत जोर असल्यामुळे ते सुरुवातीचे दिवस भरभर चालतात. हा त्रास कोणाला होईल हे घरी बसून सांगणारी कोणतीही चाचणी नाही. त्यातल्या त्यात आधीच्या उंचीवरचा अनुभव अंदाज देतो, आणि तो तुम्हा दोघांनाही नाही. त्यामुळे मिस्टरांना सांगा, गाईडच्या पुढे जायचं नाही. बोलता बोलता चालता येईल असा वेग ठेवायचा. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला.

एक प्रसंग सांगतो, कारण लक्षणांची यादी वाचून कोणाच्या काही ध्यानात राहत नाही. दिंगबोचेच्या लॉजमध्ये संध्याकाळी सगळे शेगडीभोवती बसले होते. आमच्या गटातला सर्वांत दणकट गडी, रोज मुक्कामाला पहिला पोहोचणारा, टोपी डोळ्यांवर ओढून कोपऱ्यात. ताटातलं जेवण तसंच. विचारलं तर ‘काही नाही, दमलोय’. बुटाच्या नाडीची गाठ सोडायला त्याला दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला, तेव्हा मी त्याला उठवलं आणि लाकडी जमिनीच्या फळीवरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो फळीवरून बाहेर गेला. हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण. औषध दिलं, ऑक्सिजन लावला आणि हेडलॅम्पच्या उजेडात त्याला रात्रीच खालच्या पांगबोचे गावाला उतरवलं. सकाळी तो सरळ चालत होता, पण त्याचा ट्रेक तिथेच संपला. नंतर कळलं, आदल्या रात्री त्याला उलटी झाली होती. खोलीतल्या जोडीदाराला माहीत होतं, पण ‘उगाच लीडरला कशाला सांगायचं’ म्हणून दोघंही गप्प बसले.

डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं, गळून गेल्यासारखं वाटणं, गरगरणं ही साध्या त्रासाची लक्षणं. नव्या उंचीवर पोहोचल्यावर बहुधा पहिल्या दिवसभरात दिसतात आणि बहुतेकांना थोडीफार होतातच. एवढ्यावर कोणी तुम्हाला परत पाठवत नाही. वर जायचं थांबायचं, त्याच उंचीवर राहायचं, पाणी प्यायचं, डोकेदुखीची साधी गोळी घ्यायची. लक्षणं गेली तर पुढे, वाढली तर खाली. मात्र तोल जाणं, बरळणं किंवा नेहमीच्या कामात हात चुकणं दिसलं, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, आडवं झाल्यावर श्वास अडकत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. पहिलं मेंदूचं, दुसरं फुप्फुसात पाणी भरण्याचं लक्षण. फुप्फुसाचा त्रास डोकेदुखीशिवायही येतो, म्हणून लोक त्याला सर्दी-खोकला समजतात. त्यात भर म्हणजे कोरड्या थंड हवेने वर जवळपास सगळेच खोकतात. फरक ओळखायचा तो विश्रांतीत: पंधरा मिनिटं शांत बसूनही श्वास जागेवर येत नसेल तर तो साधा खोकला नाही.

झोपेत श्वास काही सेकंद थांबून मग एकदम जोरात सुरू होतो आणि माणूस दचकून उठतो, हेही वर नेहमीचं आहे. शेजारी झोपलेल्याला जास्त भीती वाटते. त्यावर झोपेची गोळी किंवा दारू हा उपाय नाही. दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हल्ली प्रत्येकाच्या खिशात असतो. खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा आला आहे. रात्री जेवणाच्या टेबलावर आकड्यांची शर्यत लागते. ४४०० मीटरला ८० ते ९० च्या मधले आकडे अगदी सर्वसाधारण आहेत. गार पडलेलं बोट किंवा नेलपॉलिश आकडा बिघडवतात, आणि चांगला आकडा असलेल्या माणसालाही त्रास होतो. न्यायचा तर न्या, पण आधी माणूस जेवतोय का ते बघा.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. वर मूत्रपिंडांचं जे काम सांगितलं, तेच ही गोळी लवकर करून देते. त्रास लपवते, हा समज चुकीचा. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना नेहमी सांगितला जाणारा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून. तुम्हाला उंचीचा अनुभव नाही आणि नामचेची उडी मोठी आहे, त्यामुळे डॉक्टर हो म्हणाले तर घ्यावी असं माझं मत. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. घरी असतानाच दोन दिवस घेऊन बघा. बोटांना, ओठांना मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो. हे आधी माहीत असलं की वर घाबरायला होत नाही. मात्र गोळी घेतली म्हणून विश्रांतीचा दिवस गाळायचा नाही. डेक्सामेथासोन हे वेगळं औषध आहे. ते इलाजासाठी गाईडच्या पेटीत असावं; शरीर उंचीला सरावण्यात त्याची मदत होत नाही, आणि ते घेत घेत वर चढत राहणं धोक्याचं.

मिस्टरांची बीपीची गोळी चालू ठेवायची, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. उंचीवर पहिल्या दिवसांत रक्तदाब थोडा वाढतो. आटोक्यात असलेल्या बीपीने सहसा अडत नाही, पण गोळी कोणत्या प्रकारची आहे यावर काही गोष्टी ठरतात. बीटा ब्लॉकर असेल तर चढावर नाडी वाढायला मर्यादा येते; लघवी वाढवणारी असेल तर पाणी कमी पडण्याचा धोका. हे डॉक्टरांना भेटून विचारा, आणि ५० व्या वर्षी हृदयाच्या स्ट्रेस टेस्टबद्दलही याच भेटीत विचारून घ्या. ही भेट आत्ता करा, निघायच्या आठवड्यात नको. औषध बदलायचं ठरलं तर शरीराला वेळ मिळायला हवा.

व्यायामासाठी सहा महिने भरपूर आहेत. रोजचा एक तास सपाटीवरचा असेल तर त्यातले दोन दिवस जिन्यावर किंवा चढावर न्या. आठवड्यातून एकदा लांब चाल, आज दोन तास, हळूहळू वाढवत चौथ्या महिन्यापर्यंत पाच-सहा तास, पाठीवर ६-७ किलोची सॅक घेऊन. शेवटच्या दोन महिन्यांत शनिवार-रविवार लागोपाठ चाला. दुसऱ्या दिवशी जड पायांनी चालता येतं का, हीच खरी परीक्षा, कारण ट्रेकमध्ये रोजच दुसरा दिवस असतो. आणि उतार! सगळे चढाची तयारी करतात आणि उतरताना लंगडतात. तुमच्या १२ दिवसांच्या कार्यक्रमात गोरकशेपहून लुक्ला, म्हणजे जिथे विमानाने उतरून ट्रेक सुरू होतो ते गाव, तीन दिवसांत गाठायचं आहे. मांडीचे पुढचे स्नायू उतारावर ताणले जात असताना भार पेलतात, आणि ती सवय उतरूनच होते. लिफ्टने वर जाऊन जिन्याने उतरलात तरी चालेल. चालायच्या काठ्या वापरणार असाल तर त्या सरावातही वापरा. तोंडाला लावायच्या ‘अल्टिट्यूड मास्क’वर पैसे घालवू नका. त्यातून श्वास घ्यायला जोर लागतो, हवेचा दाब काही कमी होत नाही.

कंपनीला विचारायचे प्रश्न कमी ठेवा, पण उत्तरं लेखी घ्या. गटात किती जण आणि किती गाईड-सहायक? एकाला खाली न्यावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण उतरेल आणि उरलेल्यांबरोबर कोण राहील? ऑक्सिजन सिलिंडर बरोबर असतो का? मुख्य गाईडने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कधी घेतलं? कार्यक्रमात एक जादा दिवस आहे का? आणि पोर्टरला किती ओझं देता? इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुपने नेपाळसाठी ३० किलोची मर्यादा सुचवलेली आहे. पोर्टर त्याच डोंगरातला म्हणून त्याला विरळ हवा लागत नाही असं काही नसतं. कित्येक जण खालच्या खोऱ्यांतून आलेले असतात आणि तेही आजारी पडतात. त्यांचा विमा आणि गरम कपडे यांबद्दल जी कंपनी सरळ उत्तर देते, ती तुमच्याबाबतीतही बहुधा सरळ वागते.

फेरिचेला, दिंगबोचेच्या शेजारीच, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं उपचार केंद्र आहे. ही संस्था १९७३ पासून काम करते. हंगामात तिथले डॉक्टर ट्रेकर्सना उंचीच्या त्रासाबद्दल माहिती देतात. दिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवशी जमलं तर जा; माझ्या इतक्या लांबलचक उत्तरापेक्षा तिथे जास्त समजेल.

विमा घेताना तीन गोष्टी पॉलिसीत शोधा: ट्रेकिंग धरलेलं आहे का, किती मीटरपर्यंत, आणि हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च मिळतो का. तुम्ही गोरकशेपजवळच्या काला पत्थर या टेकडीवर, म्हणजे ५५०० च्या वर जाणार, त्यामुळे ६००० मीटरपर्यंतचं संरक्षण हवं. बऱ्याच कंपन्या हेलिकॉप्टर बोलावण्याआधी फोन करायला सांगतात, तो नंबर कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा. नेपाळमध्ये गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार झाले आहेत आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने त्याची चौकशीही केली. साध्या डोकेदुखीला कोणी लगेच हेलिकॉप्टर सुचवलं तर आधी विचारा, चालत खाली गेलं तर काय होईल?

सामानाची यादी कंपनी देईलच, ती पुन्हा लिहीत नाही. बूट मात्र आत्ता घ्या आणि सगळ्या लांब चाली त्यांतच करा. दुकानात उतरत्या फळीवर उभं राहून बघा, अंगठा पुढे टेकत असेल तर एक नंबर मोठा घ्या. स्लीपिंग बॅगवर ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे तापमानाचे दोन आकडे असतात. कम्फर्टचा आकडा धरा, आणि ताई, बायकांना सहसा जास्त थंडी वाजते, म्हणून तो उणे १० च्या आसपास हवा. गॉगल कॅटेगरी ३ किंवा ४ चा, बाजूने झाकणारा. लुक्लाच्या छोट्या विमानात सामानाला साधारण १५ किलोची मर्यादा असते, त्यामुळे जीन्स आणि तिसरा स्वेटर घरीच. रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीने बॅटरी उतरते.

लुक्लाची विमानं हवा बिघडली की दोन-दोन दिवस उडत नाहीत, आणि गर्दीच्या हंगामात ती काठमांडूऐवजी रामेछापहून सोडतात, म्हणजे मध्यरात्री उठून गाडीने चार-पाच तास. परतीचं आंतरराष्ट्रीय तिकीट लुक्लाहून परतण्याच्या तारखेनंतर किमान दोन दिवस मोकळे ठेवूनच काढा. तिकीट हातात असलं की माणसं आजारी असताना वर चढतात आणि हवा खराब असताना विमानासाठी भांडतात.

एक गोष्ट तुम्हा दोघांना घरीच ठरवावी लागेल. एकाला उतरावं लागलं तर दुसऱ्याने काय करायचं? मी पाहिलंय, नवरा-बायकोंपैकी ज्याला त्रास होतो तो जोडीदाराचा ट्रेक बुडू नये म्हणून बोलत नाही, आणि दुसरा बरोबर उतरायचं की नाही या विचारात अर्धा दिवस घालवतो. गाईड पुरेसे असतील तर एकाने सहायकाबरोबर उतरून फेरिचेला किंवा नामचेला थांबावं आणि दुसऱ्याने पुढे जाऊन यावं, यात काही वावगं नाही. दोघांनीही उतरायचं ठरवलंत तर तेही ठीक. जे ठरेल ते काठमांडूच्या पहिल्या भेटीतच गाईडला सांगा, आणि आदल्या रात्री कोणाला उलटी झाली, कोण जेवलं नाही, हे रोज सकाळी एकमेकांबद्दल त्याला सांगायचं, हेही तेव्हाच कबूल करून घ्या.